तोंड झाका, मग पोट बघा

पोट फुगून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना मी जिन्यापाशी उभं करून सांगतो, "मोठं आतडं गाठीनं बंद झालंय. ऑपरेशन आत्ताच करायला लागेल. आणि शौचाची वाट काही दिवस पोटावर काढून तिथं पिशवी लावायला लागेल." बाहेरच्या माणसाला वाटेल, यावर पहिला प्रश्न "माणूस वाचेल का?" असा येत असेल. तसा येत नाही. पहिला प्रश्न येतो, "पिशवी कापडातून दिसती का हो?" दुसरा, "वास येतो का?" जगण्यामरण्याचं त्यानंतर निघतं, आणि तेही बहुतेक वेळा कोपऱ्यात उभी असलेली म्हातारी काढते.

भूमसारख्या गावात सर्जन म्हणून माझी उमर गेली. हर्निया, अपेंडिक्स, गळवं, बैलानं शिंग घातलेली पोटं, हे रोजचं काम. वडील बैलबाजारात दलाल होते. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबून सौदा करायचा, तोंडातून आकडा काढायचा नाही. समोरचा कुठवर ताणेल आणि कुठं सैल पडेल हे बोटांना कळतं, असं ते म्हणायचे. ही विद्या मी डॉक्टरकीच्या आधी शिकलो आणि डॉक्टरकीत तिचा जास्त उपयोग झाला. डॉक्टर झालो तो कुणाच्या मेहेरबानीनं नाही, स्वतःच्या हिमतीवर, असं मी ज्याला-त्याला सांगत आलो.

आता हे काम काय असतं ते सांगतो. मोठं आतडं म्हणजे पोटातली शेवटची मोरी समजा. तिथं कर्करोगाची गाठ धरते तेव्हा सुरुवातीला दुखत नाही. थोडं रक्त जातं, शौचाची सवय बदलते, माणूस वाळत जातो. गाठ वाढत वाढत नळी आवळते आणि एक दिवस वाट पुरती बंद. वारासुद्धा सरत नाही. मागं साठत जातं, पोट हलगीसारखं ताणतं, आणि तरीही कुणी दाद घेतली नाही तर आतड्याची भिंत फुटते. आतली घाण पोटभर पसरते, विष भिनतं, माणूस गार पडायला लागतो. अशा वेळी गाठ काढायची आणि पोट धुवायचं. मग आतड्याची दोन टोकं उरतात. ती लगेच जोडून टाकावीत असं कुणालाही वाटेल. पण सुजलेलं, घाणीत बुडालेलं आतडं टाका धरत नाही; भिजलेल्या कागदाला शिवण घालावी तसं ते फाटतं. जोड उसवला तर पोटात पुन्हा तेच, आणि त्यातून फार थोडी माणसं परत येतात. म्हणून खालचं टोक बंद करून वरचं पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढायचं, त्यावर पिशवी चिकटवायची. माणूस सुधारला, पुढची औषधं झाली, की बऱ्याच जणांचं परत जोडता येतं.

पुण्यातल्या एका बड्या सर्जननं माझ्या पेशंटच्या मुलाला सांगितलं होतं, "खेड्यात जोडायला जमत नाही, म्हणून पिशव्या लावून देतात." त्याच्यापुढं तो पेशंट गेला तेव्हा ताप नव्हता, अंगात रक्त होतं, लिफ्टपर्यंत स्वतःच्या पायांनी गेला होता. माझ्यापुढं आला तेव्हा त्याची नाडी हाताला लागत नव्हती. ते वाक्य मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

तर पिशवीसाठी मी सौदा करतो. पैशाची घासाघीस मी करत नाही असं नाही, तीही करतो. पण ती वेगळी. इथं माणूस म्हणतो पिशवी नको, मी म्हणतो जीव पाहिजे का, मग दोघं अर्ध्या वाटेवर भेटतो.

एक अप्पा होते. लिंगायत वाणी, किराण्याचे जुने दुकानदार. पोट फुगलेलं, ओकाऱ्या चाललेल्या, तरी आवाज गल्ल्यावर बसल्यासारखा. ऑपरेशनला नेण्याआधी अंगावरचं सगळं उतरवतात, करदोडासुद्धा कापतात. आमच्या कौशल्या सिस्टर, माझ्या दवाखान्याच्या पहिल्या दिवसापासूनच्या, अप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग काढायला पुढं झाल्या. अप्पांनी त्यांचं मनगट धरलं.

"बाई, करदोडा काढा, धोतर काढा, दात काढा. हे निघत न्हाय. हे निघालं म्हंजी मी गेलो."

"अप्पा, ते छातीवर लोंबणार आणि मी खाली पोट उघडणार. कसं जमायचं?"

"कसं जमायचं ते तुमी बघा. डॉक्टर तुमी हाव का मी?"

"बरं, दंडाला बांधू. अंगावरच राहील. पण मग पिशवीला नाही म्हणायचं नाही."

"दलालाचं प्वार ते दलालाचं प्वार," अप्पा म्हणाले आणि दंड पुढं केला.

घरी गेल्यावर त्यांच्या मुलानं मला फोन करून विचारलं, वडिलांनी या अवस्थेत पूजेला बसावं का? मागून अप्पांचा आवाज फोनमध्ये आला, "अरे, अंगावर लिंग असल्यावर इटाळ कसला रे? आपल्यात सुतक न्हाय, सोयर न्हाय, आन् ह्या पिशवीला भ्यायचं व्हय?" अप्पा पुढं दुकानातही बसले. पिशवीची चौकशी करणाऱ्याला ते म्हणायचे, "साखर पायजे का शेंगदाणे, ते बोला."

अशी माणसं फार थोडी. बाकीची सगळी लपवतात. "रक्त कधीपासनं जातंय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ह्ये आत्ताच, दोन-चार दिस." खोदून विचारलं की दोन-चार दिवसांचे महिने होतात, कधी वर्ष होतं. तिथून रक्त गेलं म्हणजे मूळव्याध, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक. मग सुरण खातात, ताक पितात, वांगं सोडतात, आठवडी बाजारात बसणाऱ्या माणसाकडची पुडी घेतात. त्या पुडीनं कुणाला बरं वाटतं, कारण खरंच मूळव्याध असते. ज्याची गाठ असते त्याची गाठ वाढत राहते. साधं बोट घालून तपासलं तरी पुष्कळ गाठी हाताला लागतात, आणि ज्या लागत नाहीत त्यांच्यासाठी दुर्बीण आहे. पण तपासायला आधी दाखवावं लागतं.

यावर मी ओरडायचो. मनापासून ओरडायचो. मला वाटायचं, माझ्या ओरडण्यानं चार माणसं वेळेवर येतात. बाजारात आवाज चढवल्याशिवाय बैल हलत नाही, तसं. गावात माझ्या आवाजाची ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता.

आता वहिनींचं सांगतो.

माझी आई मी शाळेत असतानाच गेली. दादा माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे. त्यांचं नुकतंच लग्न झालेलं. वहिनी घरात आल्या आणि माझं करणं त्यांच्या अंगावर पडलं. दादांची खव्याची भट्टी होती, अजून आहे. आमच्याकडं शेत पिको न पिको, दुधाचा खवा होतो. उन्हाळ्यातसुद्धा कढईपाशी उभं राहून ते दूध हलवत राहायचं, हात थांबला की लागलंच. वहिनी ते करायच्या, वर माझा डबा करायच्या, आणि मी वसतिगृहावर असताना एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती धपाटी पाठवायच्या. कुणाच्या मेहेरबानीनं डॉक्टर झालो नाही असं मी वर लिहिलं. ते खरं नाही. पण तसं बोलायची सवय लागली आहे.

मी मिसरूड फुटायच्या वयाला आलो तशा वहिनी माझ्यापुढं पदर डोक्यावरून घ्यायला लागल्या. ती आमच्याकडची रीत. दीर लेकासारखा, असं म्हणतात, आणि त्याच्यापुढं पदरही घेतात.

बाजारचा दिवस होता, भर दुपार. दादांची दुधाची गाडी दवाखान्याच्या दारात आली आणि तिच्या मागच्या बाजूला, कॅनच्या शेजारी, गोधडीवर वहिनी पडलेल्या. दादा म्हणाले, "बापू, हिचं पोट फुगलंय. काल दुपारपासनं कळा हायत्या. पहाटं एकदम लई दुखलं, आन् आता दुखायचं थांबलंय. पर ही बोलंना झालीय."

दुखायचं थांबलं, हे ऐकताच मी स्ट्रेचर आणायला सांगितलं. फुगलेल्या पोटाचं दुखणं अचानक थांबलं म्हणजे बऱ्याचदा ते फुटलेलं असतं.

खाटेवर घेतलं. मी पुढं झालो तसा वहिनींनी पदर घट्ट धरला. बोलंना झालेल्या बाई बोलल्या; माझ्याशी नाही, कौशल्या सिस्टरांशी.

"बाई, भाऊजींस्नी म्हणावं, दुसरा डॉक्टर बोलवा."

सिस्टर माझ्याकडं वळल्या. आमच्यात हातभराचं अंतर होतं. "सर, त्या म्हणतात दुसरा डॉक्टर—"

"ऐकलं मी! सलाईन लावा आधी."

बार्शीच्या माझ्या सर्जन मित्राला फोन केला. तो स्वतःच टेबलावर उभा होता, लवकर मोकळा होणार नव्हता. भूल देणारे डॉक्टर मात्र बार्शीहून निघतो म्हणाले. सोलापूरला हलवायचं तर वाटेतच काही झालं असतं. एक्स-रे काढला, त्यात यकृताच्या वर हवा दिसत होती. म्हणजे आतडं फुटलेलं. ऑपरेशन मलाच करावं लागणार होतं, आणि पेशंट पदर सोडायला तयार नव्हता.

दादा माझ्या अंगावर आले. "तू सांग की तिला! एरवी लोकांवर वरडतूस, आता का तोंड शिवलंय?"

मी खरंच ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण वहिनींची बोटं दिसली. नखं निळी पडत चालली होती आणि तरी पदराचा काठ त्यांनी सोडला नव्हता. मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. रुमाल नव्हता, पण सौदाच करायचा होता.

"वहिनी, दुसरा डॉक्टर नाही. मीच आहे. तुमचं काय म्हणणं असेल ते सांगा, मी मानतो. पण मला पोट बघायला लागेल."

मग पदराखालून आवाज आला, "तोंड झाका माजं. मग बघा."

सिस्टरांनी पदर त्यांच्या तोंडावर नीट पसरला. मी पोटावर हात ठेवला. फळीसारखं घट्ट होतं. मी हजारो पोटांवर हात ठेवला आहे. त्या दिवशी तोंड दिसत नसलेल्या पोटावर ठेवला. माणूस कळवळला तर चेहऱ्यावर कळतं, त्यावरून आम्ही अंदाज बांधतो. मला नुसत्या पदराची हालचाल बघून अंदाज बांधावा लागला.

"अजून काय म्हणणं?"

"लघवीची नळी बाईंनी घालायची."

"बाईच घालतील."

"खालनं तुमी बघायचं न्हाय."

इथं मी अडलो. खालूनही तपासायला लागतं. पण पोट फुटल्याचं एक्स-रेनं सांगितलंच होतं. वरून उघडल्यावर बाकीचं दिसणारच होतं. मी म्हणालो, "न्हाय बघत."

"भूल दिल्यावर बी न्हाय."

वडिलांची आठवण झाली. गिऱ्हाईक कुठं पळवाट ठेवेल हे ओळखणारा माणूसच खरा व्यापारी, असं ते म्हणायचे. वहिनींनी माझी पळवाट ओळखली होती. मी म्हणालो, "भूल दिल्यावर पण नाही. शब्द देतो. आता माझं एक ऐका. पोटावर पिशवी लावायला लागेल."

"कसली पिशवी?"

मी सांगितलं. पदर हलला नाही. मग त्या सिस्टरांना म्हणाल्या, "बाई, ह्यांना सांगू नका." 'ह्यांना' म्हणजे दादांना, जे दारात उभे राहून सगळं ऐकत होते. दादांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत उभे राहिले.

ऑपरेशनचं फार सांगत नाही. आतड्याच्या डाव्या बाजूला शेवटच्या वळणावर गाठ होती, लिंबाएवढी, टणक, आणि तिच्या थोडं वर आतडं फुटलं होतं. गाठ काढली, रोग आधी जिथं पसरतो त्या भोवतालच्या ग्रंथी काढल्या, पोट धूतधूत धुतलं. मध्ये रक्तदाब पडला तेव्हा भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "सर, आवरतं घ्या." मी घेतलं. आतड्याचं टोक बाहेर काढताना एक गोष्ट मी केली, जी घाईत बरेच जण विसरतात. लुगड्याची गाठ बायका जिथं मारतात त्या जागेपासून ते बाजूला घेतलं, म्हणजे कापड त्यावर कचणार नाही. हे मला पुण्यातल्या सर्जननं शिकवलेलं नाही.

शब्दही पाळला. खालून बघितलं नाही. चादर जिथं होती तिथंच राहिली.

वहिनी वाचल्या. चार दिवस तापानं आम्हाला घाबरवलं, मग ताप उतरला, पिशवीत वारा आला, मग शौच आलं. वारा आला म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं फक्त सर्जनच असतील. कौशल्या सिस्टर पिशवी बदलायच्या तेव्हा मी खोलीबाहेर थांबायचो. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच पेशंटच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात. बाकीचे नातेवाईक बघायचे आणि त्यांना वाटायचं, डॉक्टर किती काळजी करतात.

तपासणीचा रिपोर्ट आला, कर्करोगच होता, दोन-तीन ग्रंथींत पसरलेला. दादा म्हणाले, "तिला सांगू नको. बायामाणसाचं मन." मी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "म्हायतीय मला. मूळव्याधीला कोण इतकं कापतं व्हय?"

हळूहळू त्या उठून बसायला लागल्या. माझ्यात मात्र दुसरंच काही उठत होतं. तालुका माझ्याकडं येतो, शेजारच्या जिल्ह्यातून लोक येतात आणि माझ्या घरचं माणूस बाजारातल्या पुड्या खात बसतं. रक्त वर्षाच्या आसपास जात होतं, हे तोवर कळलं होतं. मला डावललं होतं. पुण्याच्या त्या सर्जननं केलं ते परवडलं, घरच्यांनी तेच करावं? एका दुपारी सिस्टर औषध द्यायला खोलीत होत्या, पदर नीट होता, आणि माझा संयम सुटला.

"वहिनी, एवढं मी तुमच्या घरातलं लेकरू म्हणता. मला एक शब्द सांगावासा वाटला नाही? बाजारातल्या माणसाला सांगितलंत, मला नाही?"

आवाज चढला होता. व्हरांड्यात गेला असणार.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आलते की."

"कुठं आलता?"

"तुमच्या दवाखान्यात. बाकड्यावर बसलते. नंबर लावला न्हाय, म्हणलं गर्दी कमी झाल्यावर आत जाऊ. आत एक बाई होती. पडद्याच्या पलीकडं. तुमी तिला बोललात."

"काय बोललो?"

"आता सिस्टरसमोर काय सांगू."

"सांगा."

"म्हणलात, 'आता लाज वाटती व्हय? आतनं कुजत होतीस तवा वाटली न्हाय?' बाकड्यावर सगळ्यांनी ऐकलं. कुणी तरी हासलं बी. मग ती बाई भाईर आली, पदर तोंडावर घिऊन. आमी सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. तिला काय झालंय, कुठं झालंय, आख्ख्या बाकड्याला कळलं हुतं. म्हणलं, उद्या माजं बी असंच ऐकू जाईल. आन् मी तर तुमची वहिनी. लोक म्हणतील, डॉक्टरची वहिनी."

"मग?"

"मग उठले. कंपाउंडरनं इचारलं, काय काम हुतं. म्हणलं, भाऊजींसाठी खवा आणलाय. पिशवीत खवा हुताच. दिला आन् आले."

तो खवा मला आठवला. कंपाउंडरनं टेबलावर ठेवला होता, "वहिनी येऊन गेल्या, घाई होती म्हणाल्या." मी त्यातला अर्धा तिथंच चहाबरोबर खाल्ला होता, उरलेला घरी नेला होता. वहिनी खव्यासाठी एवढ्या लांब येतात याचं मला कौतुक वाटलं होतं. मी बायकोला म्हणालोही होतो, "बघ, अजून मला लहान समजतात."

त्या वेळी गाठ केवढी असेल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ग्रंथींत पसरायच्या आधीची असेल. पोट फुटायच्या तर कितीतरी आधीची. दिवसा, ठरवून, पोट साफ करून ऑपरेशन झालं असतं, कदाचित तिथंच जोडलं असतं, पिशवीच लागली नसती. हे सगळं मी मनात मांडलं आणि वहिनींना काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. सिस्टर औषधाची वाटी घेऊन बाहेर गेल्या, जाताना माझ्याकडं बघायचं त्यांनी टाळलं.

ती पडद्यापलीकडची बाई कोण होती, ते मी खूप आठवून पाहिलं. आठवली नाही. एवढ्या जणींना तसं बोललो होतो की त्यातली एक वेगळी काढता आली नाही. ती पुन्हा माझ्याकडं आली की नाही, हेही मला माहीत नाही.

पडदा काढून मी तिथं भिंत घालून घेतली, दार बसवलं. लोक म्हणाले, डॉक्टरांनी दवाखाना सुधारला. बायकांना आधी सिस्टर आत घेऊन बोलतात, मग मला बोलावतात. आवाज मात्र माझा तोच आहे. कधी चढतो, आणि भिंतीतूनही जात असावा; कारण मग सिस्टर बाहेरून दार वाजवतात. काम काही नसतं. नुसतं वाजवतात.

वहिनींची औषधं सोलापूरला झाली. केस गेले, आले. मी त्यांच्या घरी जायचो तेव्हा दादा, मुलं, सुना सगळे बसायचे. वहिनी आतल्या खोलीतून बोलायच्या. जेवायला सून वाढायची. लहानपणापासून त्या घरात मला वहिनींशिवाय कुणी वाढलेलं नव्हतं. एकदा मी सुनेला विचारलं, "वहिनी कुठं आहेत?" ती म्हणाली, "आत्या भट्टीपाशी हायत." भट्टी त्या दिवशी पेटलेलीच नव्हती, धूर नव्हता.

पिशवी काढून आतडं जोडायची वेळ आली तेव्हा मी सगळं ठरवून टाकलं होतं. भूल देणाऱ्यांना तारीख विचारली होती. या वेळी सगळं नीट असणार होतं, पोट साफ, पेशंट धडधाकट, घाई नाही. हे ऑपरेशन मला माझ्या हातानं करायचं होतं. का करायचं होतं, ते सांगायला नको. दादांना म्हणालो. दादा आत गेले, बाहेर आले, म्हणाले, "ती सोलापूरला करायचं म्हणतीय."

मी उसळलोच. "सोलापूरला का? माझं काय वाईट झालं? तिथं कोण बसलंय माझ्यापेक्षा—"

आतून वहिनी बाहेर आल्या. किती तरी महिन्यांनी पहिल्यांदा समोर आल्या. पदर होता, पण तोंड दिसत होतं. वाळलेलं, डोळे खोल गेलेले.

"तुमचं काम वाईट न्हाय, भाऊजी. तुमी वाचवलं मला. त्ये मी इसरत न्हाय."

"मग माझ्याच हातनं का नको? वहिनी, जुन्या ऑपरेशनचं मला माहीत आहे, कुठं काय चिकटलं असेल ते मला—"

"म्हणूनच नको." त्या उंबऱ्याकडं बघत म्हणाल्या, "तुमी माजं सगळं बघितलंय. आता परत बघितलंत तर मला तुमच्या म्होरं कवाच यायला जमायचं न्हाय. मला तुमास्नी परत जेवायला वाढायचंय."

मी आयुष्यात कधी पहिल्या बोलीला सौदा मान्य केलेला नाही. त्या दिवशी केला. "बरं," म्हणालो. सोलापूरच्या सर्जनला जुन्या ऑपरेशनची सगळी माहिती लिहून दिली, फोनवर सांगितली. तो भला माणूस निघाला, नीट ऐकून घेतलं. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथं गेलो नाही. माझ्या दवाखान्यात बसलो आणि दादांच्या फोनची वाट बघत हर्नियाची पट्टी बदलली.

जोड टिकला. आतापर्यंतच्या तपासण्या चांगल्या आहेत. पुढच्याही चांगल्या येतील असं मी सगळ्यांना सांगतो. ग्रंथींत पसरलेलं असलं की मी दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना काय सांगतो, ते दादांना माहीत नाही.

मध्यंतरी जेवायला बोलावणं आलं. मी आणि बायको गेलो. पानं मांडली होती. वहिनी परात घेऊन आल्या, पदर डोक्यावर, आणि स्वतः वाढायला लागल्या. भाकरी, शेंगदाण्याचं कालवण, कांदा. वाटेत गाडीत मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. असली वाक्यं मला येत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितलं होतं. त्या माझ्या पानाशी वाकल्या तेव्हा मी सुरू केलं, "वहिनी, तुम्ही बाकड्यावर बसला होता त्या दिवशी मी—"

"जेवताना दवाखान्याचं नको, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि मी नको म्हणायच्या आत पानात दुसरी भाकरी टाकून पुढच्या पानाकडं गेल्या.

मी मान खाली घालून जेवलो.